नट घट्ट बसला, हे कशावरून?

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो एका श्रोत्याने आमच्यावर सोपवला. मागच्या व्याख्यानानंतर रत्नागिरी तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने प्रश्न पाठवला. त्यांच्या घरी हापूसची कलमं आहेत, थोडी भातशेती आहे, आणि आजोबांपासून चालत आलेला शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे. हा मुलगा मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिथे माणसं घरच्या गॅरेजमध्ये, टेबलाला शेगडा लावून, रायफलची नळी बसवतात आणि तिचा नट आवळतात. याने आम्हाला विचारलं, "सर, बंदूक आमची, पाना आमचा, हात आमचे. मग हे आम्ही घरी का करू नये? तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, तेव्हा कायद्याचं कलम सांगून मला गप्प करू नका, कारण सांगा."

प्रश्न आम्हाला आवडला. कलम आम्ही सांगणार आहोतच, पण शेवटी. आधी कारण.

आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं. त्या दर्शनाचा पाया एका साध्या प्रश्नावर आहे: तुला जे कळलंय असं तू म्हणतोस, ते कशावरून? या प्रश्नाच्या उत्तराला तिथे 'प्रमाण' म्हणतात. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आज आपण हा प्रश्न एका नटाला विचारू. नट घट्ट बसला, नळी नीट बसली, हे कशावरून?

पहिल्यांदा तो नट म्हणजे काय, ते पाहू. रायफलचे ढोबळ दोन भाग धरा. एक नळी, जिच्यातून गोळी जाते. दुसरा तिच्या मागचा सांगाडा, ज्यात काडतूस मागून बंद करणारी खीळ, म्हणजे बोल्ट, सरकते. हे दोन भाग एकमेकांना जोडायचे कसे? जुनी पद्धत अशी की नळीच्या बुडालाच आटे पाडायचे आणि ती थेट सांगाड्यात पिळून बसवायची. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली जुनी पॉइंट थ्री-नॉट-थ्री याच पद्धतीची. दुसरी पद्धत अशी की नळी आणि सांगाडा यांना धरून ठेवायला एक वेगळा नट द्यायचा. अमेरिकेत १९५८ साली सॅव्हेज कंपनीची ११० नावाची रायफल आली, ती अशा नटाची. त्याच दशकात आर्मालाइट कंपनीने ज्या रायफली काढल्या, त्यांतही नळी धरायला वेगळा नट आहे. नट वेगळा झाला म्हणून जोडणी सोपी झाली, आणि सोपी झाली म्हणूनच ती लोकांच्या गॅरेजमध्ये पोचली. आमचा श्रोता बघतो ते व्हिडिओ बहुतेक याच जातीचे.

आता गंमत बघा. कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात जी बंदूक असते, तिला हा नट मुळात नसतोच! शेतीसंरक्षणासाठी आपल्याकडे दिसते ती एकतर ठासणीची बंदूक, नाहीतर काडतुसाची बारा बोअरची. बारा बोअरची बंदूक मधे मोडते, तिची नळी बिजागरीवर बसते आणि आकड्याने अडकते. तिथे आवळायचा नट नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून भरतात, त्यामुळे नळीचं बूड कायमचं बंद असावं लागतं. त्या बुडाशी आट्यांनी पिळून बसवलेलं एक लोखंडी बूच असतं. म्हणजे तो नट आपल्याकडे नाही, पण त्याचा थोरला भाऊ आहे. आटे आहेत, पीळ आहे, आणि त्या पिळाच्या पलीकडे स्फोट आहे. म्हणून प्रश्न आपलाही आहे.

तो आपला कसा, हे आम्हाला लहानपणीच कळलं. साठच्या दशकात, आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना, आमच्या आजोळी परवान्याची ठासणीची बंदूक होती. वानर आणि रानडुकरं यायची, मामा हवेत बार काढायचे, त्या आवाजाने वानर पळायचे. एका पावसाळ्यात नळीत भरलेला बार ओलसर होऊन अडकला. मामा हाताने हुशार. विहिरीवरचा पंप ते स्वतः खोलायचे, घरातल्या नळांची जोडकामं स्वतः करायचे. त्यांनी नळीच्या बुडाचं बूच मोठ्या पान्याने काढलं, नळी साफ केली, आणि बूच परत बसवलं. आटे थोडे गंजलेले, थोडे झिजलेले होते. तेव्हा त्यांनी तेच केलं जे पाण्याच्या पाइपला करायचे: आट्यांवर सुतळी गुंडाळली, वर सफेदा लावला, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. बूच हलेना. मामा म्हणाले, "आता हत्ती ओढूदे."

बंदूक पुढे दोन हंगाम नीट चालली. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा. दोन हंगाम. तिसऱ्या हंगामात एका सकाळी मामा घरी नव्हते. बागेच्या राखणीला असलेल्या गड्याने बार काढला. बूच मागे सुटलं. त्या माणसाचा उजवा डोळा गेला.

आम्ही त्या दिवशी पडवीत होतो. त्यानंतर मामांनी आयुष्यात त्या घटनेबद्दल एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं: "अरे, मी घट्ट केलं होतं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी घट्टच केलं होतं. आम्ही तत्त्वज्ञान शिकायला गेलो त्याला अनेक कारणं होती, पण ते वाक्य त्यांतलं एक. माणूस खरं बोलतोय, त्याने मन लावून काम केलंय, आणि तरी त्याला जे 'माहीत' होतं ते ज्ञान नव्हतं. मग काय होतं?

आता प्रमाणं एकेक करून घेऊ.

पहिलं प्रत्यक्ष. मामांनी बूच हलवून पाहिलं, हललं नाही. डोळ्याला दिसलं, हाताला लागलं. पण जोडाचं खरं काम कुठे चालतं? आट्यांच्या आत, जिथे धातू धातूवर टेकतो तिथे. तो भाग बूच बसल्या क्षणी झाकला जातो. सुतळी आणि सफेदा दाबला गेला की हाताला घट्टच लागतं, मग आतले आटे एकमेकांत पूर्ण रुतलेले असोत वा नसोत. म्हणजे हाताला जे कळलं ते 'हलत नाही' एवढंच. 'टिकेल' हे प्रत्यक्षात नव्हतंच, ते मामांनी त्यात घातलं.

दुसरं अनुमान. इथे आमचा तरुण श्रोता म्हणेल, "सर, मामांकडे टॉर्क पाना नव्हता. आज आहे. ठरलेल्या आकड्यावर टक् वाजलं की झालं." तर बघू या हा पाना नेमकं काय सांगतो ते.

नट आवळणं म्हणजे खरं तर ताणणं. आपण नट फिरवतो तेव्हा आट्यांचा पोलादी भाग केसभर लांब होतो आणि परत आखूड व्हायला बघतो, जसा ताणलेला रबर बघतो तसा. त्या परत ओढण्यानेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आपल्याला हवा आहे तो हा ताण. पान्याला तो ताण दिसत नाही, त्याला फक्त आपण लावलेला पीळ कळतो. आणि यंत्रशास्त्र शिकवणारे सांगतात की त्या पिळाचा साधारण नव्वद टक्के भाग नुसत्या घर्षणात जातो, थोडा आट्यांमध्ये, थोडा नटाच्या टेकणाऱ्या तोंडाखाली. उरलेला दहा टक्क्यांच्या आसपासचा भागच ताण निर्माण करतो. आटे कोरडे, गंजके असतील तर घर्षण वाढतं. पाना आपल्या आकड्यावर टक् वाजतो, पण ताण अपुरा. त्याच आट्यांना तेल लावा, घर्षण कमी होतं, त्याच आकड्याला ताण जास्त, कधी धातूला सोसणार नाही इतका. आकडा एकच, परिणाम दोन.

नैयायिकांनी यासाठी एक फार नेमका शब्द दिला आहे: उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे बरोबर नाही. कारण धूर व्हायला इंधन ओलं असावं लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. तो ओलेपणा म्हणजे उपाधी, म्हणजे अनुमानात लपून बसलेली अट. टॉर्क पान्याचा आकडा असाच आहे. आकडा आला म्हणून ताण आला, या अनुमानात आट्यांची अवस्था ही उपाधी आहे. कारखाना आकडा देतो तेव्हा आटे कसे असावेत, कोणतं वंगण लावावं, हे त्याच्या सोबत सांगतो. व्हिडिओ बघणारा आकडा लिहून घेतो आणि अट सोडून देतो.

अजून एक. आर्मालाइट जातीच्या रायफलच्या नटाला ३० ते ८० फूट-पौंड असा आकडा सांगितला जातो. एवढा रुंद पट्टा का? कारण त्या नटाला दोन धनी आहेत. एक धनी म्हणतो, पुरेसा आवळ. दुसरा म्हणतो, तुझ्या कडेची खाच अशा जागी थांबव की वरून जाणारी वायूची नळी सरळ आत जाईल. दोघांनाही खूश ठेवायला जागा लागते, म्हणून तो पट्टा. म्हणजे 'घट्ट' आणि 'योग्य' हे दोन वेगळे शब्द आहेत.

आणि रायफलमध्ये खरी बाब घट्टपणाच्याही पुढची आहे. काडतूस नळीत बसल्यावर त्याच्या बुडामागे बोल्टपर्यंत किती जागा उरते, हे अतिशय काटेकोर असावं लागतं. ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. जागा जास्त राहिली तर बार होताना पितळी काडतूस मागे ताणून फाटू शकतं आणि वायू मागे, म्हणजे तोंडाकडे, येतो. कमी राहिली तर बोल्ट नीट बंदच होत नाही. हे तपासायला कारागीर दोन पोलादी मापं वापरतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होताच कामा नये. आमचा मोह असा होतो की याला 'उपमान' म्हणावं आणि चौकट पूर्ण करावी. पण शास्त्रात उपमानाचा अर्थ वेगळा आहे, तेव्हा ओढूनताणून बसवत नाही. ते मापही अनुमानाचंच साधन आहे, फक्त चांगलं.

इथे दाबाचा अंदाज द्यायला हवा, नाहीतर हे सगळं किरकोळ वाटेल. घरातल्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० ते ३५. बारा बोअरच्या काडतुसात तो दहा हजारांच्या पुढे जातो. आणि मोठ्या रायफलच्या काडतुसात साठ हजारांच्या आसपास. हे सगळं तोंडापासून वीतभर अंतरावर.

मामांची चूक आता नीट दिसते. पाण्याचा पाइप चुकीचा बसला तर आधी थेंब पडतो, मग धार लागते. तो आपल्याला सांगतो, 'बाबा, परत आवळ.' बंदूक थेंब पाडत नाही. ती दोन हंगाम नीट चालते. मामांना प्रत्येक बार म्हणजे आपल्या कामाचा पुरावा वाटत होता. प्रत्यक्षात प्रत्येक बार तो जोड थोडा थोडा सैल करत होता. म्हणजे ज्याला ते साधक पुरावा समजत होते, तेच बिघाडाचं कारण होतं. अनुमानात याहून क्रूर फसवणूक आम्हाला माहीत नाही.

मग उरतं शब्दप्रमाण. आप्ताचं वचन. आप्त म्हणजे कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. बंदुकीच्या बाबतीत जगाने हा आप्त फार पूर्वी शोधून काढला. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षणगृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभं राहिलं. तिथे काय करतात? नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार मुद्दाम काढून नळी आणि तिचा मागचा जोड सोसतो का, ते पाहतात. सोसला तर पोलादावर एक छोटा शिक्का ठोकतात. तुमच्या आजोबांच्या जुन्या विलायती बंदुकीच्या नळीखाली बघा, असे शिक्के दिसतील. तो शिक्का म्हणजे शब्द आहे. कोणीतरी जाणत्याने, स्वतःचं नाव पणाला लावून, म्हटलंय की हा जोड आम्ही तपासला.

आता मुख्य मुद्दा ऐका. तो शब्द कशाबद्दल आहे? त्या दिवशी, त्या अवस्थेत, असलेल्या जोडाबद्दल. तुम्ही तो जोड खोलला, आट्यांवर कानस फिरवली, बूच बदललं, की शिक्का पोलादावर तसाच राहतो, पण त्यातलं वचन संपतं. आता त्या बंदुकीमागे कोणाचाच शब्द नाही. बाहेरून मात्र ती तशीच दिसते. आणि उद्या ती हातात घेणाऱ्या माणसाला, आमच्या आजोळच्या त्या गड्याला, हे कळायला काहीच मार्ग नाही. त्याने मामांवर विश्वास ठेवला. मामांनी स्वतःच्या मनगटावर. साखळी तिथे तुटली आणि डोळा तिसऱ्याचा गेला.

आता कायदा. आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या कलम ५ मध्ये परवान्याशिवाय बंदूक बनवणं आणि विकणं याच्या ओळीतच रूपांतर करणं, दुरुस्त करणं आणि चाचणी घेणं हेही शब्द आहेत. व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच मोडतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. लक्षात घ्या, बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. तुमच्या घरात पहिला आहे, दुसरा नाही.

कोणी म्हणेल, हा इंग्रजांचा वारसा. १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवण्यासाठी होता, काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले, हे खरं आहे. परवान्याच्या पद्धतीवर आजही वाद घालता येईल. पण दुरुस्तीबद्दलचा हा शब्द आम्हाला त्या वारशातला वाटत नाही. तो विचारतो, या जोडाला जबाबदार कोण? परवानाधारक कारागिराला नोंद ठेवावी लागते, त्याचं नाव असतं, पत्ता असतं, काम चुकलं तर त्याला धरता येतं. कायद्याने आप्त ठरवून दिला, इतकंच.

अडचण आम्हाला ठाऊक आहे. असा कारागीर गावोगाव बसलेला नसतो. कामाचा दिवस मोडतो, भाडं जातं, आणि हंगामात वानर थांबत नाहीत. कोकणातला माणूस काटकसरी, घरच्या घरी दुरुस्ती हा आपला गुणच आहे, आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. म्हणून दोन प्रश्नांची एक कसोटी देतो. एक, माझी चूक झाली तर ही वस्तू मला आधी सूचना देईल का? दोन, चुकीची किंमत मीच भरणार की दुसरा कोणी? नळ गळतो, सूचना देतो. सायकलची साखळी निघते, आपणच ढोपर फोडून घेतो. तिथे खुशाल हात घाला, त्यातूनच हात तयार होतो. दोन्ही उत्तरं उलटी आली, तर पाना खाली ठेवा.

मालकाने करायचं ते तरीही पुष्कळ आहे. नळी पुसणं, तेलाचा हात देणं, पावसाळ्यात ओल लागू न देणं, बंदूक रिकामी आणि कुलपात ठेवणं. बार अडकला, बूच किंवा नळी हलतेय असं वाटलं, तर खोलू नका, तापवू नका, परवाना सोबत घेऊन परवानाधारक कारागिराकडे जा आणि कामाची पावती घ्या. ती पावती म्हणजे शब्दप्रमाणच आहे.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, "सर, मग टॉर्क पाना निरुपयोगी का?" मुळीच नाही. मोटारीच्या चाकाचे नट त्यानेच आवळावेत. आमचं म्हणणं एवढंच, की पान्याला जेवढं कळतं तेवढंच त्याला विचारावं.

आणि आमच्या तरुण श्रोत्याला उत्तर. बाळा, बंदूक तुझी, पाना तुझा, हात तुझे, हे सगळं मान्य. पण डोळा तुझाच असेल असं नाही. मामांचं वाक्य आम्हाला आजही ऐकू येतं. 'मी घट्ट केलं होतं' असं म्हणण्याची वेळ येण्याआधी एकदा विचार: घट्ट आहे, हे कशावरून?